बियाच्या खोलीतले टायर

पोराच्या गाडीचे टायर हिवाळाभर आमच्या घरी राहायचे. गाडी शर्यतीतल्यासारखी, बुटकी, लाल, दोनच दारांची. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. गाडी त्याने कोणाकडून तरी जुनीच घेतली, पण जीव तिच्यावर नव्या नवरीवर असावा तसा. आमच्या गावात ती एकदाच आली. गावाच्या अलीकडे नाला आहे, त्याच्या रपट्यावर, म्हणजे पाणी वरून जातं त्या बुटक्या पुलावर, तिचं पोट टेकलं आणि चार जणांनी उचलून काढावी लागली. तेव्हापासून गाडी पुण्याला आणि तिचे टायर आमच्याकडे, असं ठरून गेलं.

टायर उन्हाळी होते. त्याने मला समजावून सांगितलं होतं. रबर नरम असतं, रस्ता धरून ठेवतं, म्हणून वळणावर गाडी सुटत नाही. थंडी पडली की तेच रबर कडक होतं आणि पकड सोडतं. म्हणून दिवाळी झाली की ते काढायचे, साधे चढवायचे, आणि होळी झाली की पुन्हा हे बसवायचे. पुण्याला त्याच्या बिल्डिंगीत ठेवायला जागा नाही. गच्चीवर ऊन, खाली पाण्याची मोटर. टायराला ऊन चालत नाही, ओल चालत नाही, तेल चालत नाही, चालत्या मोटरीजवळची हवासुद्धा चालत नाही म्हणे. मी म्हणालो, बाळंतिणीलाही एवढं पथ्य नसतं. तो हसला नाही. गाडीच्या बाबतीत तो हसत नाही.

जागा बुढीने दिली. बुढी म्हणजे माझी बायको. आमचं घर धाब्याचं आहे, वर मातीचं सपाट छत, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. मागच्या बाजूला एक खोली आहे, तिला खिडकी नाही, वर एक झरोका तेवढा. तिथे ती बी ठेवायची. ज्वारी, तूर, मूग, राखेत कालवून, कडुलिंबाचा पाला घालून, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून. गावात कोणाचं बी उगवलं नाही तर लोक आमच्या दारात यायचे. मग पाकिटातलं बी आलं. मडकी रिकामी झाली, खोलीही. तरी ती दर सालाला खोली सारवायची आणि पाऊस लागायच्या आत मला धाब्यावर चढवून माती टाकायला लावायची. रिकाम्या खोलीसाठी मी कशाला चढू, म्हणून मी शिव्या द्यायचो आणि चढायचो.

पोराने फोनवर टायराचं पथ्य सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हंजे बियासारखंच हाय ते. आण अथी."

पहिल्या साली तो मित्राच्या जीपमधून टायर घेऊन आला. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत एक एक बांधलेला. त्याने ते भिंतीला उभे लावले आणि मायला सांगितलं, एकाच जागी उभा राहिला तर टायर बसतो, म्हणून महिन्याला थोडा थोडा फिरवत जा. तारीख तिच्या ध्यानात राहणार नव्हती. तिने ते चतुर्थीला बांधून टाकलं. संकष्टीला ती उपास धरायची. आंघोळ, गणपतीला फूल, मग बियाच्या खोलीत जाऊन चारही टायर पाव पाव फिरवायची आणि पिशवीवर खडूची रेघ ओढायची. मग चंद्राची वाट पाहत बसायची. देवाच्या आणि चंद्राच्या मधात टायर, असा तिचा उपास.

शेजारची बाई थट्टा करायची. आम्हाला लेक नाही, एकच पोरगा. त्यावर ती म्हणे, "काऊन वैनी, लेकी आल्या का माहेराले?"

"आल्या ना. चार पोरी हायेत माह्या."

"मंग लुगडं-चोळी केली का नाई त्याइले?"

"काय करतो बाई, काळ्याबिगर दुसरा रंग घालत नाईत त्या."

मला त्या टायरांचा वास आवडायचा नाही. मी बोलायचो तिला. बी गेलं आणि पंक्चरवाल्याचं दुकान आलं घरात, म्हणायचो. ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र भाकर थापता थापता बोलली, राग नव्हता त्यात. "टायर ठेवून गेला म्हंजे न्यायले येईनच नं तो. माणूस मायबापाले इसरते, गाडीच्या चाकाले नाई इसरत."

खरं होतं. त्याच्या आधी तो कधी यायचा, कधी नाही. दिवाळीला सुट्टी नाही, उन्हाळ्यात काम जास्त. टायर आले तसा तो सालातून दोनदा नेमाने यायला लागला. एकदा ठेवायला, एकदा न्यायला. एक दिवस राहायचा. ती कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी करायची. तो खाताना ती समोर बसून त्याच्या ताटाकडे पाहायची. त्याला ते आवडत नसे. माय, तू जेव ना, म्हणायचा. ती म्हणायची, जेवतो. पण जेवायची तो निजल्यावर.

गेल्या हिवाळ्यात कंपनीने त्याला परदेशात पाठवलं. जायच्या आधी तो टायर ठेवून गेला. होळीला परत येतो, मग नेतो, म्हणाला. ती जीपच्या मागे रपट्यापर्यंत चालत गेली. तेव्हा ती चांगली होती.

पौष लागला आणि अवकाळी आलं. आधी दोन रोज झड, मग गारा. हरभरा झोपला, गहू झोपला, धाब्यावर गारांचा ढीग साचला. तिला आधीपासून ताप होता. बुलढाण्याला दाखवून आणलं होतं, गोळ्या चालू होत्या, उतरेल म्हणाले होते. त्या दिवशी सकाळी तिने चहा मागितला. मी चुलीवर ठेवला. लाकडं ओली, धूर फार, वेळ लागला. कप घेऊन आलो तर ती गेलेली होती. हात गरम होता अजून. चहा नंतर मीच पेलो. फेकून काय करणार होतो.

भाऊबंद जमले. बाया म्हणाल्या, भाग्याची, कुकू घेऊन गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मला त्या भाग्याचं काय करावं कळत नव्हतं. मी ओट्यावर बसून होतो.

पुतण्याने पोराला फोन लावला. माझ्या लहान्या भावाचा पोरगा तो, मला मोठेबाबा म्हणतो. पोरगा फोनवर रडला. तिकीट मिळून यायला दोन दिवस जातील म्हणाला, तोवर ठेवता येईल का? बुलढाण्याहून बर्फाची पेटी आणता आली असती, पण रपट्यावरून कमरेएवढं पाणी चाललं होतं. बैलगाडी निघत नव्हती, पेटी कुठून येणार? मी फोन हातात घेतला आणि तसं सांगितलं.

"मग करून घ्या, बाबा," तो म्हणाला. "मला फक्त फोनवर दाखवा."

मशानभूमी नाल्याच्या काठाला आहे, आमच्याच बाजूने. तिथे शेड होतं. त्याची टिनं एका वादळात उडाली ती कोणी पुन्हा बसवली नाहीत. झड थांबल्यासारखी झाली तेव्हा आम्ही तिला घेऊन गेलो. ज्याच्या घरी जे कोरडं सापडेल ते लोकांनी आणलं. पण कोरडं होतंच कुठे? तुराट्या भिजलेल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या भिजलेल्या, लाकडातून पाणी निघत होतं. गोवऱ्या तेवढ्या कोणाच्या तरी घरातल्या कोरड्या. पोरगा नव्हता, अग्नी मीच दिला. डिझेल टाकलं, भडका झाला, डिझेल जळून गेलं आणि सरण काळं होऊन तसंच राहिलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तसंच.

तिचे पाय सरणाच्या बाहेर होते. एका पायाचं लुगडं जळालं होतं आणि पाय तसाच होता. जोडवी दिसत होती. पुन्हा भुरभुर सुरू झाली. एकाने छत्री धरून तिच्याखाली फोन धरला होता, त्यात पोरगा पाहत होता. त्याला किती दिसत होतं ते मला माहीत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात कोणी गेलं तर सरणात टायर घालतात. चांगलं नाही, पण घालतात. ओलं लाकूड टायरासंगं पेटतं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे फाटके टायर पडलेले असतात, तो देतो, नाही कधीच म्हणत नाही. पण त्याचं दुकान रपट्याच्या पलीकडे.

पुतण्या माझ्या कानाशी आला. हळू बोलला. "मोठेबाबा, एखांदा टायर भेटला तं काम होईन. घरी हायेत नं."

त्याला माहीत होतं ते कोणाचे आहेत. मलाही माहीत होतं. मी तिच्या पायाकडे पाहत होतो. एवढंच डोक्यात आलं की हे गेले तर तो काय न्यायला येईल? आणि दुसरं असं की ही अशी अर्धी पडून राहिली तर आज कुत्री हाकत बसावं लागेल.

"आण एक," मी म्हणालो.

दोघे जण पळत गेले आणि चारही घेऊन आले. एक सांगितलं की चार आणायचे, ही आमच्या गावाची जुनी रीत आहे. पिशव्या त्यांनी घरीच काढून टाकल्या होत्या. टायर नवेच दिसत होते, खोलीतली धूळसुद्धा नव्हती त्यांच्यावर. कोणी तरी म्हणालं, अरे हे तर नवे हायेत. दोन खालून लावले, दोन वरून. डिझेल टाकलं.

टायर पेटला की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आम्हाला मागे सरकावं लागलं. धूर असा काळा की पलीकडची माणसं दिसेनाशी झाली. लोकांनी नाकाला उपरणं लावलं. मी लावलं नाही. फोनमधून पोराचा आवाज आला, "एवढा धूर कशाचा आहे?" छत्रीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग रेंज गेली.

ती पूर्ण जळाली. तेवढं मात्र झालं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. टायरात इतकी तार असते हे मला ठाऊक नव्हतं. केसासारखी बारीक तार, पुंजकेच्या पुंजके, आणि काठाला बोटाएवढी जाड कडी. रबर सगळं गेलं, तार राहिली. हाडं त्या तारेत गुंतून बसली होती. बाकीचे भराभर उरकू पाहत होते. मी खाली बसलो आणि तारेतून एक एक हाड सोडवलं. बोटं कापली. कशी विचारू नका, तसं काम पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. बांगड्यांची काच वितळून गोळा झाला होता. एक जोडवं सापडलं, दुसरं नाही.

तार नाल्यात फेकून द्या म्हणाले. बारीक तार फेकली. जाड कड्या मी घरी आणल्या आणि बियाच्या खोलीत खुंटीला टांगल्या. पिशव्या भुईवर पडल्या होत्या, त्यांवर तिच्या खडूच्या रेघा होत्या. रेघ पुसणार नाही अशा बेताने घड्या घातल्या आणि कोनाड्यात ठेवल्या.

त्यानंतर पोराचा फोन यायला लागला, पहिल्यापेक्षा जास्त. जेवलात का, गोळी घेतली का, कोण भाकरी देतं? पुतण्याची बायको देते, सांगायचो. मग एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "टायर फिरवता ना बाबा? माय चतुर्थीला फिरवायची."

मी म्हणालो, "हाव."

पुतण्या तिथेच होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, सांगून टाकायचं होतं. मग म्हणाला, नाही तर चोरीला गेले म्हणा, घुशीनं खाल्ले म्हणा, पण ते नका सांगू. माणूस सहन नाही करणार. मी त्याला म्हणालो, तू आपलं काम कर. चोरीला गेले म्हटलं तर तो पोलिसात जा म्हणेल आणि येणार नाही. खरं सांगितलं तर तो येणारच नाही. मायही नाही, टायरही नाही, अथी काय आहे त्याचं? एक म्हातारा. म्हाताऱ्याला माणूस फोनवरही भेटतो. म्हणून मी हाव म्हणालो. प्रत्येक चतुर्थी झाली की तो विचारायचा आणि मी हाव म्हणायचो. त्याला यायचं होतं टायरासाठी, तर टायरासाठी येऊ दे. आल्यावर सांगू.

होळी झाली आणि तो आला. जीप घेऊन एकटाच. मागची सीट पाडून जागा केली होती, खाली गोधडी अंथरली होती. टायराला ओरखडा नको म्हणून. मी ते पाहिलं.

त्याने मायच्या फोटोपुढे डोकं टेकलं. फोटो असा तिचा नव्हताच. आधार कार्डावरचा मोठा करून आणला आहे, त्यात ती चोरासारखी दिसते. तो बराच वेळ तसाच टेकून राहिला. मग मी खिचडी वाढली. मीच केली होती, मीठ जास्त झालं होतं. त्याने सगळी खाल्ली. मी त्याच्या समोर बसलो होतो आणि माझ्या ध्यानात आलं की मी त्याच्या ताटाकडे पाहतो आहे. मी मान वळवली.

हात धुऊन तो म्हणाला, "चला, टायर काढून घेऊ उन्हाच्या आत."

मी उठलो नाही. "टायर नाईत."

"म्हणजे?"

"तुह्या मायले लावले."

त्याला कळलं नाही. कसं कळणार? मग मी सगळं सांगितलं, रपट्यावरचं पाणी, ओली लाकडं, बाहेर राहिलेले पाय. पायाचं सांगायचं नव्हतं, तेही तोंडातून निघून गेलं. तो उठून बियाच्या खोलीत गेला. मी मागे गेलो. झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. खुंटीला कड्या टांगलेल्या. त्याने एका कडीला हात लावला, बोटाला गंज लागला, तो पाहत राहिला.

"चारही?"

"चारही. म्या एकच सांगतला होता."

"तो धूर..."

"हाव. तोच."

तो उंबऱ्यावर बसला. चांगले कपडे होते अंगात, सारवलेल्या भुईवर बसला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी दर महिन्याला विचारत होतो. तुम्ही हो म्हणत होता."

"नाई म्हटलं असतं तं तू आला असता काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही चुकीचं विचारलं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्याने उत्तर दिलं नाही हे मात्र आठवतं. बाहेर शेजारणीची शेळी ओरडत होती. ती थांबल्यावर तो बोलला.

"मग नीट पेटली ना ती?"

"पेटली," मी म्हणालो. "काहीच मागं राह्यलं नाई."

त्याने मान हलवली. मग तिथेच उंबऱ्यावर बसून तो रडला, लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत. मी शेजारी उभा होतो. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं. आमच्यात तशी सवय नाही. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. मी कोनाड्यातल्या पिशव्या काढून जीपपाशी नेल्या. म्हटलं, या घेऊन जाय, कामी पडतीन. त्याने घडी उलगडून खडूच्या रेघा पाहिल्या, पुन्हा होती तशीच घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"राहू द्या," तो म्हणाला. "दिवाळी झाली की लागतील."

गोधडी अंथरलेली जीप रिकामीच रपट्यावरून पलीकडे गेली.

यंदाची दिवाळी होऊन गेली. देऊळघाटच्या बाजारात लोक मफलर गुंडाळून येतात आता, सकाळी तोंडातून वाफ निघते. परवा फोनवर मी त्याला विचारलं, कधी येतो? तो म्हणाला, बघतो बाबा, काम फार आहे. टायर काढले का विचारलं. म्हणाला, अजून नाही. गाडी विकली की काय, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. पुतण्या म्हणतो, माणूस बोलून जाते तसं, त्याच्यावर काय बसता तुम्ही. त्याचं खरंही असेल.

चतुर्थीला मी खोली उघडली. तेलाचा डबा होता तो बाहेर काढला, घुशीचं बीळ बुजवलं. मग भिंतीवरून हात फिरवत गेलो तर वरच्या कोपऱ्यात हाताला गार लागलं. ओल. यंदा पावसाच्या आत धाब्यावर माती टाकायची राहून गेली. सांगणारं कोणी नव्हतं, शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं. कड्याही त्याच कोपऱ्यातल्या जास्त गंजल्या आहेत.

पांढरी माती आणून भिजवून ठेवली आहे. पुतण्या म्हणतो, मोठेबाबा, चढू नका, पाय घसरला तर कोण पाहील? ऊन जरा वर आलं की चढतो. टायराला ओल चालत नाही.